पितळी पाटीवरची बारावी जागा

गेल्या आठवड्यात घरी आलेले जिन्नस, किमतीसह: रेघा मारलेले जाड कागद सहा, बारा सेंट. शाईची बाटली एक, एकोणीस सेंट. जुनीच्या तळाशी थोडी होती, पण पाणी घालून वाढवलेली शाई असल्या कामाला बरी नव्हे. वकील श्री. ॲबट यांचा सल्ला, दोन डॉलर. त्यांचा दर पाचाचा आहे, परंतु त्यांचे वडील माझ्या यजमानांच्या हाताखाली गस्त घालत, म्हणून दोनच घेतले. आणि पोर्ट अँब्रोज पोलीस असोसिएशनकडून एका पितळी पाटीचा कागदी नमुना. तो फुकट आला. मूळ पाटीला चौऱ्याऐंशी डॉलर पडल्याचे सोबतच्या पत्रात कळवले आहे.

या नमुन्यामुळेच हे मृत्युपत्र आज लिहायला घेतले. एरवी ईस्टरची साफसफाई उरकून मगच लिहिणार होते.

मी, अगाथा मेरी डूलिन, वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे, राहणार सतरा, टॅनर स्ट्रीट, पोर्ट अँब्रोज, ओहायो, कै. सार्जंट कॉर्नेलियस डूलिन यांची पत्नी. देवाच्या दयेने माझे डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला कोणी यावे एवढी मालमत्ताही नाही. आम्हांस मूलबाळ झाले नाही. जे आहे ते माझे व यजमानांचे काटकसरीचे आहे, आणि माझ्या मागे त्याचे काय व्हावे ते मी खाली लिहून ठेवते. यापूर्वी असा कागद मी केलेला नाही.

कलम पहिले. माझ्या अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सेंट कोलंबा चर्चमध्ये सकाळची व्हावी. पेटी साध्या पाइनची. फुले नकोत, ज्यांना आणायचीच असतील त्यांनी तेवढे पैसे गरिबांच्या पेटीत टाकावेत. माझी जपमाळ माझ्या हातात राहू द्यावी, चांदीची आहे म्हणून कोणी काढून घेऊ नये. दफनाहून माघारी आलेल्यांना हॅम, बटाटे आणि ब्रेड द्यावा. व्हिस्की एकच बाटली काढावी, ती संपली की लोक घरी जातात.

कलम दुसरे. माझी बहीण मॅगी हिला निळ्या काठाची ताटे, पूर्ण जोड. सूपाचे भांडे मात्र त्यात नाही, कारण ते तिने एकोणीसशे त्रेचाळीस साली 'रविवारपुरते' नेले ते अद्याप रविवार संपलेला नाही. पुतण्या डेस्मंड याला माझी लाकडी शिडी देते. ती तेरा वर्षे त्याच्याकडेच आहे. आता त्याने ती निर्धास्त वापरावी आणि माझ्या घरासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवू नये.

कलम तिसरे. यजमानांचा दंडुका, शिट्टी, बिल्ला आणि गवताची गादी हे सर्व असोसिएशनच्या नव्या इमारतीत काचेच्या कपाटात ठेवण्यासाठी देते. गादी पाहून तरुण शिपाई हसतील, म्हणून तिची हकिकत लिहिते.

यजमान नोकरीला लागले तेव्हा गस्त बारा तासांची होती. ती संपली की घरी जायचे नाही. ठाण्यातच असल्या गादीवर पडून राहायचे, कारण कुठे आग लागली किंवा दंगा झाला तर माणसे हाताशी हवीत. पंधरा दिवसांतून एक सुट्टी, तीही साहेबांच्या मर्जीने. वर्दी स्वतःच्या खर्चाने. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी नवऱ्यापेक्षा त्याच्या वर्दीला जास्त वेळा पाहिले, कारण ती धुवायला घरी येत असे.

हे सर्व माणसे सोसत होती. शिपाई टिम शीडीच्या प्रकरणापासून मात्र सोसेनासे झाले. छत्तीस सालच्या हिवाळ्यात सरोवरावरचा बर्फ फुटून दोन शाळकरी मुले आत गेली. शीडीने दोन्ही मुले वर काढली आणि स्वतः आतच राहिला. महापालिकेने त्याच्या विधवेला शोकपत्र पाठवले, आणि त्याच्या उरलेल्या पगारातून सरोवराच्या तळाशी गेलेल्या पिस्तुलाची किंमत कापून घेतली. तिने ते पत्र माझ्या टेबलावर ठेवले. कॉन, म्हणजे माझे यजमान, यांनी ते उभ्यानेच वाचले. मग टोपी काढून टेबलावर उलटी ठेवली आणि खिशात होते ते तीत टाकले. तीच टोपी पुढे सगळ्या ठाण्यांतून फिरली. असोसिएशनचा रिवाज तो तिथून आहे: सभासद गेला की हजेरीच्या वेळी त्याची स्वतःची टोपी फिरते, आणि दफनाच्या आदल्या दिवशी ती भरलेली त्याच्या घरी जाते. नव्या पोरांना वाटते की हे आकाशातून पडले. ते माझ्या स्वयंपाकघरातून निघाले.

कलम चौथे. पियानो. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

शीडीनंतर अकरा जणांनी ठरवले की पोलिसांची आपली संघटना हवी. तेव्हाचे पोलीसप्रमुख ग्राइनर यांनी हुकूम काढला होता की ड्यूटीबाहेर तीनपेक्षा जास्त पोलिसांनी एकत्र जमायचे नाही. जमले तर वर्दी काढून घेऊ. मात्र ग्राइनर हे लूथरपंथी असले तरी देवभिरू गृहस्थ. हुकुमाच्या शेवटी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, 'उपासना व भजन यांस हा नियम लागू नाही.' ती ओळ कॉननी मला वाचून दाखवली आणि पुन्हा वाचून दाखवली. पुढच्या मंगळवारपासून आमच्या बैठकीच्या खोलीत सेंट कोलंबाची पुरुष गायनमंडळी जमू लागली. साल सदतीस.

पियानो माझ्या आईचा. मी त्याच्यासमोर शिवणकाम घेऊन बसे. फाटकाची कडी वाजली की मी एक सूर दाबायचा आणि अकरा जणांनी तोंडे उघडायची, असे ठरले होते. त्यांना एका स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळी येत. एकदा दूधवाला बिल मागायला आला आणि दारातच थांबला, म्हणून त्या दोन ओळी त्यांना इतक्या वेळा म्हणाव्या लागल्या की शेजारच्या ओर्सिनींच्या कुत्र्याने शेवट केला.

व्हायचे तेच झाले. ग्राइनरसाहेबांना कुणीतरी कानात सांगितले. त्यांनी रागावून कोणाला बोलावले नाही, धमकी दिली नाही. गोड पत्र लिहिले की आपल्या दलात गायनमंडळी आहे हे ऐकून आनंद झाला. तरी युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाला महापालिकेच्या पायऱ्यांवर, महापौरांसमोर, तिने एक स्तोत्र संपूर्ण म्हणावे. गाता आले नाही तर अकराही वर्द्या जाणार, आणि त्या सालात दुसरी नोकरी कुठे होती?

तेव्हा कॉन वॉल्टर टोलिव्हर यांना घेऊन आले. शहराच्या पोलिसांत तेव्हा दोन काळे शिपाई होते, त्यांतले एक. गस्त रेल्वे यार्डाची. कॅनल स्ट्रीटवरच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये रविवारी तेच गायन चालवत. उंच, सावकाश बोलणारे. खोलीत आले, टोपी काढली, मला नमस्कार केला, आणि बसा म्हटले तरी बसले नाहीत.

म्हणाले, "डूलिन, आधी एक सांगा. ही गायनमंडळी आहे की असोसिएशन? गायनमंडळी असेल तर मी शिकवायला आलोय, मला फी लागेल. असोसिएशन असेल तर मी सभासद व्हायला आलोय, वर्गणी देईन. काय ते ठरवा, मग मी बसतो."

मी सुई थांबवली होती.

कॉन म्हणाले, "असोसिएशन आहे, वॉल्टर."

टोलिव्हर यांनी वर्गणी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, बसले, आणि म्हणाले, "बरं, आता म्हणा बघू." अकरा जणांनी त्या दोन ओळी म्हटल्या. टोलिव्हर यांनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळून विचारले, "डूलिनबाई, हे इतके दिवस तुम्ही घरात ऐकून घेतलंत?"

त्यांनी चौघांना गायला लावले, सहांना ओठ मिटून नुसते गुणगुणायला, आणि जाडजूड ओ'मारा यांना सांगितले, "तू फक्त तोंड उघड. मनापासून उघड. आवाज बाहेर आला तर मी स्वतः तुला अटक करीन." ओ'मारा रुसले, पण माझ्या सफरचंदाच्या केकचा मोठा तुकडा त्यांनाच मिळे, म्हणून येत राहिले.

स्मृतिदिनाला मी पायऱ्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. ग्राइनरसाहेब पहिल्या रांगेत, हात छातीवर घट्ट बांधून. टोलिव्हर यांनी सूर लावला, चौघे त्यात शिरले, सहांची गुणगुण खालून आली, आणि ओ'मारा यांनी तोंड असे उघडले की सगळे गाणे त्यांच्यातूनच येते आहे असे महापौरांना वाटले. मी आयुष्यभर चर्चमध्ये गायन ऐकले आहे. त्या दिवशीसारखे नाही. दुसऱ्या कडव्याला ग्राइनरसाहेबांनी हात सोडले. तिसऱ्याला हॅट काढली. टिम शीडीची विधवा माझ्या शेजारी होती, तिने माझे मनगट धरले ते शेवटपर्यंत सोडले नाही.

आठवड्यात प्रमुखांच्या सहीचा हुकूम निघाला: पोलिसाच्या प्रत्येक अंत्ययात्रेत ही मंडळी गाईल, सरावासाठी ती दर मंगळवारी जमेल, आणि त्या वेळी त्यांपैकी कोणासही ड्यूटी लावू नये. म्हणजे ज्यांनी असोसिएशन मोडायची, त्यांनीच तिला जमायला वार आणि वेळ नेमून दिली. तो हुकूम वाचून कॉन इतके हसले की त्यांना खुर्चीत बसवावे लागले.

त्या मंगळवारांतून काय निघाले ते शहराला ठाऊक आहे. गस्त आठ तासांवर आली. आठवड्याला सुट्टी. वर्दी महापालिकेच्या खर्चाने. ठाण्यातल्या गाद्या जाळल्या. एक मी मागून घेतली. ड्यूटीवर मेलेल्या शिपायाच्या बायकोला निवृत्तिवेतन. आज पोर्ट अँब्रोजमध्ये पोलिसाची विधवा कोणाच्या दारात उभी नसते, हे त्या बारा जणांनी केले, आणि त्यांना कॉफी मी दिली. याचा मला गर्व आहे. पापनिवेदनात फादर मुलकाहींना मी तसे सांगितले. ते म्हणाले की हा गर्व राहू द्या.

पंचेचाळीस साली महापालिकेने असोसिएशन मान्य केली. छापील नियमावली हवी होती. वकिलाची फी वाचवावी म्हणून मंडळींनी दुसऱ्या एका शहरातल्या संघटनेची नियमावली मागवली आणि वरचे नाव तेवढे बदलून छापून आणली. काटकसर मलाही कळते, पण छापण्यापूर्वी वाचायला पैसे पडत नाहीत. नियम चौथा असा होता की सभासद गोऱ्या वर्णाचा असावा. कॉननी तो काढावा म्हणून ठराव मांडला. कॉन धरून चौघे बाजूने, सात विरुद्ध. म्हणाले, आत्ताच मान्यता मिळाली आहे, पुढे बघू. यादीवर अकरा सह्या झाल्या. त्यांत कॉनचीही आहे. मी ते लपवत नाही, त्यांनीही कधी लपवले नाही.

टोलिव्हर यांना हे सांगायला कॉन स्वतः यार्डात गेले. टोलिव्हर यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आता मी फी मागू का?"

त्यांनी फी मागितली नाही, आणि गाणेही सोडले नाही. म्हणाले, मेलेल्या माणसाशी माझे भांडण नाही. पुढची सात वर्षे प्रत्येक सभासदाच्या पेटीपुढे सूर त्यांनीच लावला. बावन्न साली यार्डात ड्यूटीवर असतानाच त्यांचे हृदय बंद पडले.

त्यांची टोपी फिरली नाही. सभासद नव्हते. तेव्हा कॉननी ती ठाण्यातून मागून घेतली, ठाण्याच्या फाटकाशी उभे राहून स्वतः फिरवली, आणि भरली. टोलिव्हर यांच्या घरी घेऊन गेले तेव्हा मी बरोबर होते. त्यांच्या पत्नी इडा यांनी दार उघडले. टोपी घेतली. आतले सगळे एका स्वच्छ टॉवेलात ओतले, टॉवेलाची गाठ मारली आणि ते गाठोडे कॉनच्या हातात परत दिले.

"टोपी माझ्या नवऱ्याची आहे, ती ठेवते," त्या म्हणाल्या. "हे सभासदाच्या बायकोला देतात. तो सभासद नव्हता, असं तुमच्याच कागदावर आहे."

कॉन घरी येऊन कोट न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "अगाथा, त्याचं नाव जिथं हवं तिथं मी लावीन. माझ्या हातून राहिलं तर तू लाव." अठ्ठावन्न साली ते गेले. नाव लावायचे राहिलेच.

कलम पाचवे. टॅनर स्ट्रीटवरचे हे घर, मागची बाग व तळघर यांसह, मी पोर्ट अँब्रोज पोलीस असोसिएशनला देते. कर्ज नाही, छप्पर पंचावन्न साली नवे घातले, उजवीकडची पन्हळ गळते. अट एक. असोसिएशनच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त जी संस्थापकांची पितळी पाटी लागणार आहे, तिच्यावर वॉल्टर टोलिव्हर हे नाव इतरांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत असावे, आणि ते इडा टोलिव्हर यांच्या हयातीत लागावे. तसे न झाल्यास घर अनाथाश्रमाच्या सिस्टर्सना जावे. त्यांच्याकडे मुलांना खाटा कमी आहेत, त्यामुळे मला दोन्हीकडून समाधान आहे. पण पहिले जास्त.

असोसिएशनचे चिटणीस श्री. रेमंड कोवाच म्हणजे भला मुलगा. नमुना पाठवल्यावर ते स्वतः खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी घेऊन आले. माझी अट त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी समजावले की नियम चौथा सत्तावन्न साली काढून टाकला, आज एकोणीस काळे सभासद आहेत, टोलिव्हर यांच्याविषयी सर्वांना आदर आहे. परंतु संस्थापक म्हणजे पंचेचाळीसच्या यादीवर ज्यांच्या सह्या आहेत ते.

मी नमुना त्यांच्यापुढे सरकवला. "यादी पंचेचाळीसची, तर पाटीवर स्थापना सदतीसची कशी?"

त्यांनी गुंडाळीचा तुकडा खाली ठेवला. "डूलिनबाई, पाटी कोरून झाली आहे हो."

तेही मी पाहून ठेवले होते. नमुन्यात नावे दोन रकान्यांत आहेत: डावीकडे सहा, उजवीकडे पाच. उजवीकडे खाली एका नावाची जागा मोकळी आहे. आखणाऱ्यालाही ती दिसली असणार. कोरणाऱ्याला मी टेलिफोन करून विचारले; आणखी एका नावाला साडेतीन डॉलर. ते या पाकिटात घातले आहेत, म्हणजे खर्चाचे कारण पुढे यायला नको. कोवाच म्हणाले की मंडळापुढे ठेवतो. ते ठेवतील. मंडळ काय करते ते मला कळायचे आहे.

कलम सहावे. पियानो मी इडा टोलिव्हर यांना देते, असे इथे लिहिले होते. ते वर रेघ मारून खोडले आहे, बाजूला माझी सही आहे. खोडण्याचे कारण असे.

गेल्या मंगळवारी मी इडा यांना कॉफीला बोलावले आणि कलम वाचून दाखवले. त्या म्हणाल्या की पियानो माझ्या जिन्यातून वर चढणार नाही, आणि चढला तरी वाजवणार कोण. मग कागदाच्या तळाशी बोट ठेवून विचारले की या दोन रिकाम्या ओळी कसल्या. मी सांगितले की साक्षीदारांच्या; एक शेजारी ओर्सिनी आहेत, दुसरा शोधते आहे. आणि ॲबट वकिलांनी बजावले आहे की ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये.

इडा यांनी कप बाजूला सारला. "असोसिएशनला घर घ्यायचं असेल तर हा कागद जपून ठेवावा लागेल?"

"घर आहे तोवर," मी म्हटले.

"सह्यांसकट?"

"सह्यांसकट."

"मग मला काही देऊ नका, अगाथा. मला सही करू द्या."

पंचवीस वर्षांत त्यांनी मला डूलिनबाईच म्हटले होते.

सबब, पियानो कॅनल स्ट्रीटच्या बॅप्टिस्ट चर्चला देते. वाहून नेण्याचे भाडे माझ्या बचतीतून द्यावे, आणि वरच्या पंचमाची पट्टी जरा चिकटते ती दुरुस्त करून घ्यावी. बचतीतले उरेल ते सेंट कोलंबाच्या गरिबांना.

कलम सातवे. ग्राइनरसाहेब वारले आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात जे होते ते मी सोडून दिले आहे. ज्या सातांनी कॉनच्या ठरावाविरुद्ध हात वर केले त्यांच्यापैकी तिघे अजून आहेत. त्यांना मी काही देत नाही, पण त्यांच्या टोप्या फिरतील तेव्हा माझ्या बचतीतून प्रत्येकीत एक डॉलर पडावा. रिवाज तो रिवाज.

वरील सर्व मी स्वतःच्या अक्षरात लिहिले, पुन्हा वाचले, आणि माझ्या इच्छेप्रमाणे आहे म्हणून खाली सही केली. दोन्ही साक्षीदार माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करत आहेत.

अगाथा मेरी डूलिन

साक्षीदार:
१. साल्वातोरे ओर्सिनी, पाववाले, राहणार एकोणीस, टॅनर स्ट्रीट.
२. इडा बेल टोलिव्हर, पोर्ट अँब्रोज पोलीस असोसिएशनचे संस्थापक सभासद कै. वॉल्टर टोलिव्हर यांची पत्नी. (हे शब्द त्यांनी स्वतः लिहिले आहेत.)

ठिकाण: पोर्ट अँब्रोज, ओहायो.
दिनांक: १९ मार्च १९६२, संत जोसेफ यांचा सण.

श्री. रेमंड कोवाच यांस: ही नक्कल आपल्यासाठी, कोरणाऱ्याचे साडेतीन डॉलर व तिकीट लावलेले पाकीट सोबत. इडा आता दर मंगळवारी येतात. उजव्या रकान्यातल्या सहाव्या ओळीवर काय कोरले जाणार, ते कृपया उलट टपाली कळवावे.